शेतावर दोघं जा, पण तास दोघांचे वेगळे लिहा



स्वतःचं दुकान चालवणारी बरीच जोडपी हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. "सर, पंधरा दिवस दुकान बंद ठेवून आम्ही दोघं भाजीपाल्याच्या शेतांवर काम करत फिरलो तर? राहणं-खाणं फुकट असतं म्हणे."

माझं उत्तर सरळ आहे. जरूर जा. फक्त 'फुकट' हा शब्द आधी डोक्यातून काढा.

कल्पना जुनी आहे. 1971 मध्ये लंडनला सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपार्ड यांनी ती सुरू केली. शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जाऊन काम करायचं, एवढीच सुरुवात. त्यातून 'वूफ' उभं राहिलं आणि आज ते भारतासह अनेक देशांत आहे. साधारण पद्धत अशी, की रोज चार ते सहा तास काम करायचं आणि त्याबदल्यात झोपायला जागा, जेवण आणि शेतीचं शिक्षण मिळवायचं. पैशांची देवाणघेवाण नाही.

आपल्याकडे इर्जिक आणि सावड होतीच की! पण सावडीत आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या शेतात, हा हिशोब पक्का असायचा. तोंडी असला तरी पक्का.

आता आपला हिशोब करू. दोघं जण, रोज 5 तास, आठवड्याचे 5 दिवस, दोन आठवडे. झाले 100 तास. इकडे दुकानाचं बघा. समजा गाळ्याचं भाडं 15,000, पोराचा पगार 12,000, लाइट आणि इंटरनेट 3,000. महिन्याचे 30,000. म्हणजे पंधरा दिवस शटर खाली ठेवलं की 15,000 गेले, प्रवासखर्च वेगळा, बुडालेली विक्री वेगळी. याला फुकट म्हणतात का? हा खर्च आहे. शिकण्यासाठी आणि एकमेकांसोबत राहण्यासाठी केलेला. पटत असेल तर आनंदाने करा.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. त्या 100 तासांत कुणाचे किती?

जोडपं गेलं की समोरचा बऱ्याचदा त्याला एकच माणूस धरतो. नवरा टोमॅटोच्या बांधणीला, बायको खुरपणीला. इथवर ठीक. दुपारी नवऱ्याचे पाच तास संपतात, तो बाजेवर आडवा. बायको मात्र "जरा हात लावते" म्हणून स्वयंपाकघरात शिरते. भांडी, भाजी निवडणं, पोळ्या. हे तास कुणी लिहीत नाही. यजमान वाईट असतो असं नाही. ती सवय असते, आणि ती सवय आपण दुकानातूनच सोबत नेलेली असते.

कुठल्याही दुकानदाराला विचारा, "दुकानात किती जण?" तो म्हणेल, "मी आणि एक पोरगा." आणि दुपारी गल्ला सांभाळणारी, व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरी घेणारी, रात्री बिलं जुळवणारी कोण? ती मोजलीच जात नाही.

काही जण म्हणतात, नवरा-बायकोत कसला हिशोब? मी म्हणतो, दोन सख्खे भाऊ धंदा करतात तेव्हा करारपत्र करतातच ना? त्याने माया कमी होते का? न लिहिलेले तास मनात साठतात आणि नको त्या दिवशी बाहेर पडतात.

न मोजलेल्या कामाचं काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने पाहिलंय. तिथे वर्किंग हॉलिडेचा दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवायला 88 दिवस शेतावर किंवा तशा ठरावीक कामावर घालवावे लागायचे, आणि बिनपगारी कामही त्यात धरलं जायचं. पिळवणुकीच्या तक्रारी आल्या. डिसेंबर 2015 पासून फक्त पगारी काम धरलं जाऊ लागलं.

म्हणून निघण्याआधी एवढं करा:

1. रोजचे तास, सुट्टीचा दिवस आणि जेवण कोण करणार, हे यजमानाशी आधी लेखी ठरवा. मेसेजवर चालेल.
2. स्वयंपाक हेही काम धरा. तो तासांत आला पाहिजे, आणि पाळी दोघांची.
3. एका शेतावर किमान दोन आठवडे राहा. पहिले दिवस आपण तणाबरोबर रोपही उपटतो, यजमानाचा वेळ शिकवण्यात जातो. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, ती आपल्या साइटसीइंगसाठी थांबत नाही.
4. परदेशी जाणार असाल तर व्हिसाचे नियम आधी वाचा. न्यूझीलंडसारख्या देशात राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही 'काम'च धरतात. टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही.
5. एक छोटी वही घ्या. दोन रकाने, दोन नावं, रोजचे तास.

आणि परत आल्यावर ती वही टाकून देऊ नका. काउंटरवर ठेवा आणि पहिल्या सोमवारपासून दुकानातले दोघांचे तास तिच्यातच लिहा. महिन्याच्या शेवटी दोन्ही रकान्यांची बेरीज करा, आणि मग ठरवा, तुमच्या दुकानात किती जण काम करतात ते.