सुट्ट्यांची यादी आणि खान्देशचे वर्ष

महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करतो, आणि ती वर्तमानपत्रांत छापून येताच कोणती सुट्टी रविवारी बुडाली व कोणती जोडून आली याचा हिशेब घरोघरी आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून मांडला जातो. २०२५ च्या अधिसूचनेत अशा २४ सुट्ट्या आहेत. परंतु पारशी नववर्ष स्वातंत्र्यदिनावर आणि दसरा गांधी जयंतीवर आल्यामुळे प्रत्यक्ष तारखा २२ उरल्या, आणि त्यांतही प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी व मोहरम हे चार दिवस रविवारीच आले. ज्या शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यांच्या दृष्टीने शनिवारी आलेली बकरी ईदही हाती न लागलेल्या सुट्ट्यांत जमा झाली. हा हिशेब चालू असताना एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही, ती ही की हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध, शीख, ख्रिस्ती आणि पारशी अशा सात परंपरांचे दिवस या एका पानावर शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्यामागे किमान चार निरनिराळ्या कालगणना उभ्या असतात.

या यादीचा कायदेशीर आधार मात्र धर्माशी काडीचाही संबंध नसलेला आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेश यांचे नियमन करणारा कायदा असून त्याच्या कलम २५ नुसार हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असे मानले जाते. आणि सार्वजनिक सुट्टी म्हणजे रविवार व शासनाने राजपत्रात जाहीर केलेला अन्य दिवस, असा खुलासा त्याच कलमाखाली दिलेला आहे. म्हणजे जळगाव, अमळनेर वा धुळे यांसारख्या कापसाच्या पेठांत सावकाराने पैसे मागायला नेमके कोणत्या दिवशी जावे, हा वाद मिटवण्यासाठी ही तरतूद होती. आपल्या समाजाच्या दैवताचा किंवा महापुरुषाचा दिवस यादीत यावा अशी निवेदने आज शासनाकडे जातात, तेव्हा त्यामागची मानाची भूक समजण्याजोगी असते. पण जे पान मुळात देण्याघेण्याच्या सोयीचे आहे त्याला मानपत्र समजण्याची चूक त्यात होते, आणि मान मिळाला तरी तो पुष्कळदा रविवारी पडतो.

रविवारची गोष्टही अशीच सोयीतून आणि झगड्यातून आलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी दिलेल्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. खान्देशातील खेड्यांत मात्र आठवड्याची गणती आजही बाजाराच्या वाराने होते आणि मजुरांचा मोकळा दिवसही पुष्कळदा तोच असतो. शेजारच्या मालेगावात तर यंत्रमाग शुक्रवारी बंद राहतात. तरीही खान्देशचा एक मोठा कुलाचार नेमका रविवारवर बेतलेला आहे. नागपंचमीनंतर श्रावणात येणाऱ्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला नथ, डोळे आणि दागिने चढवून त्याची देवी केली जाते, रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. या सणाचा गाभा म्हणजे ‘रोट’, अर्थात कुळातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मापाने गहू मोजून, ते दळून केलेला प्रसादाचा स्वयंपाक. तो भाऊबंदांनीच खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा, असा दंडक आहे. त्यामुळे सुरतेला, पुण्याला किंवा कल्याणला नोकरीसाठी गेलेला भाऊही त्या दिवशी गावी येतो, आणि देवीने रविवार निवडलेला असल्यामुळे त्याला रजेचा अर्ज करावा लागत नाही. खान्देशातील इतक्या मोठ्या कुलसणासाठी सुट्टीची मागणी फारशी ऐकू का आली नाही, याचे अर्धे उत्तर त्या वारात असावे.

आखाजीचे तसे नाही. वैशाख शुद्ध तृतीया, जिला उर्वरित महाराष्ट्र अक्षय तृतीया म्हणून मुख्यतः सोनेखरेदीसाठी ओळखतो, ती खान्देशात दिवाळीच्या तोडीची किंवा काकणभर सरसच मानली जाते आणि राज्याच्या यादीत तिला जागा नाही. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पूजली जाते, तिच्यावर खरबूज-सांजोरी ठेवली जाते, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि एरवी पोलिसांना खपणार नाहीत असे पत्त्यांचे डावही गावोगाव उघड्यावर रंगतात. या दिवसाची दुसरी बाजू हिशेबाची आहे: वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी, ज्याला सालदार म्हणतात, त्याचे साल आखाजीला संपते आणि नवे साल त्याच दिवशी ठरते. मार्चअखेरीस बँकांची वर्षे संपतात, दिवाळीत व्यापाऱ्यांच्या वह्या बदलतात, पण शेतमजुराचे आर्थिक वर्ष वैशाखात उलटते. ते कोणत्याही राजपत्रात नोंदलेले नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांतील असे दिवस सामावून घेण्यासाठी शासनाने एक लवचीक सोय ठेवलेली आहे. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. मात्र त्या आदेशाच्या तळाशी तो बँकांना आणि केंद्र शासनाच्या कार्यालयांना लागू नाही, असे वाक्य असते. भुसावळसारख्या रेल्वेच्या आणि आयुध निर्माणीच्या गावात त्याचा अर्थ असा होतो, की एकाच गल्लीतील जिल्हा परिषदेचा शिक्षक घरी असतो आणि रेल्वेचा फिटर पाळीवर जातो. केंद्रीय कर्मचाऱ्यांना स्वतःच्या निवडीच्या दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात. बाहेरगावहून बदलून आलेल्या कुटुंबांच्या सणांना जागा मिळते ती बहुधा या दोन दिवसांत.

सर्वांना एका तारखेवर आणण्याचा विचार स्वतंत्र भारताने केलेला होता. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीला देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे चालू असल्याचे आढळले, आणि तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ म्हणजेच १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली. ती राजपत्रावर छापली जाते आणि आकाशवाणीवरून उच्चारली जाते. सण मात्र कुणीच तिच्यावरून करत नाही. सामान्य माणसाच्या भिंतीवर प्रत्यक्षात आले ते १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले ‘कालनिर्णय’, आणि त्याने तारखा एक करण्याच्या भानगडीत न पडता सर्वांच्या तारखा एकाच चौकटीत छापल्या. समितीपेक्षा दिनदर्शिका अधिक शहाणी ठरली, असे म्हणण्यास हरकत नसावी.

सातपुड्यात तर एकच तारीख ही कल्पनाच उलटी ठरते. चोपडा, यावल आणि शिरपूर या तालुक्यांतील पावरा व भिल्ल वस्त्यांत होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, ते ज्या त्या गावच्या आठवडे बाजाराच्या वारी. आणि दिवाळीचा दिवस अनेक पाड्यांवर गावातील जाणती मंडळी बसून ठरवतात, त्यामुळे एका गावची दिवाळी आज, तर पलीकडच्या गावची पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. पण सगळ्या गावांनी एकाच दिवशी सण केला तर एकमेकांकडे पाहुणे म्हणून जायचे कुणी, हा त्यामागचा सरळ विचार आहे. मैदानी प्रदेशात सुट्टी सर्वांना एकाच वेळी घरी बसवते आणि सातपुड्यात तारखांचा फरक माणसांना डोंगर ओलांडायला लावतो.

कालगणनांचे गणित पाहिले तर तारखांची टक्कर अटळ आहे. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, शुद्ध चांद्र असल्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. हिंदू पंचांग सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून सणांना ऋतूंशी बांधून ठेवते. पारशी शहेनशाही वर्ष ३६५ दिवसांचेच असून त्यात लीप दिवस नसल्याने नववर्ष हळूहळू मागे येत आहे. एकाच धर्मातही एकमत नसते. दाऊदी बोहरा समाज चंद्रदर्शनाऐवजी फातिमी काळापासूनच्या गणिती पंचांगावर चालतो, त्यामुळे बोहरा मोहल्ल्यातील ईद बहुधा शेजारच्या मशिदीच्या एक-दोन दिवस आधीच होऊन जाते. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाचेही तसेच झाले: मराठी पंचांगांनी २१ ऑक्टोबर धरला, उत्तरेत बहुतेकांनी २० ऑक्टोबर, आणि मारवाडी, गुजराती व मराठी दुकाने एका रांगेत असलेल्या बाजारपेठांत या फरकाची चर्चा रंगली.

अशा टकरींतून वाट कशी काढली जाते, हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुस्लिम समाजातील धुरीणांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि त्यानंतर शासनाने ईदची सुट्टी २८ वरून २९ तारखेला नेली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माणसे सरकली, मग राजपत्र. त्याच्या आदल्या वर्षी, ३ मे २०२२ रोजी, आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या होत्या आणि खान्देशात एका घरचा आमरस व दुसऱ्या घरचा शीरखुर्मा एकाच दुपारी शिजला. तिथे कुणाला सरकावे लागले नाही, कारण दोन्ही सण उंबऱ्याच्या आतले होते. वाट मागावी लागते ती मिरवणुकीला.

जळगावच्या रथाला ही वाट जुन्या काळापासून मिळालेली आहे. संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेल्या श्रीराम रथोत्सवात कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी घोडा, हत्ती, सिंह अशी निरनिराळी ‘वहने’, म्हणजे देवाची वाहने, निघतात आणि प्रबोधिनी एकादशीला मोठा रथ जुन्या जळगावातून ओढला जातो. त्या अवजड लाकडी रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. चाकाखाली लाकडाची ‘मोगरी’ नेमक्या क्षणी सारून त्याला वळवले व थांबवले जाते, आणि हे काम करणाऱ्यांचा अंदाज वीतभर चुकला तरी चालत नाही. भिलपुऱ्यात हा रथ लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे फुलांची चादर अर्पण होते आणि मग तो पुढे जातो. धुळ्याचा इतिहास अधिक कडवट आहे. तेथील ‘खुनी गणपती’ आणि ‘खुनी मशीद’ ही नावे १८९५ मध्ये मिरवणुकीवरून झालेल्या रक्तपाताची आहेत. आज त्याच मशिदीपुढे अनंत चतुर्दशीला गणपतीची पालखी येते, तेव्हा मुस्लिम रहिवासी तिच्यावर फुले टाकून तिचे स्वागत करतात. नावे बदलण्याची गरज दोन्ही बाजूंना वाटली नाही, हे या प्रथेचे विशेष म्हटले पाहिजे. तेवढ्याने शहर निर्धास्त झाले असे मात्र नाही. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात झालेल्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला, आणि तिची ठिणगी कोणत्याही सणातून नव्हे, तर एका खाणावळीच्या बिलावरून उडाली होती. मिरवणुकीच्या दिवशी कामी येणारा समजूतदारपणा साध्या दिवसासाठी कुणी राखून ठेवलेला नव्हता.

यादीबाहेरचे दिवस माणसे स्वतःच्या हिमतीवर पाळतात, हेही नोंदवले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात आले होते, आणि त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला खान्देशभरातून लोक भर पावसाळ्यात त्या डोंगरावर जातात. फाळणीनंतर जळगावात वसलेला सिंधी समाज संत कंवरराम आणि संत बाबा हरदासराम यांची ‘वर्सी’, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, दरवर्षी भरवतो आणि त्यासाठी देशभरातून भाविक शहरात उतरतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात ओळीने १८ रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सरकारी सुट्टीचा इतका उत्तम उपयोग सरकारच्याच कोठडीत व्हावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

दिवाळी अंक हेही सुट्टीच्याच दिवसांचे अपत्य. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा निवांत वाचनासाठी चार दिवस हाती असलेला नोकरदार वाचक तयार झालेला होता. त्या वाचकाच्या दिवाळीत दुसऱ्याचा सणही येऊन बसतो, हे २००५ आणि २००६ या दोन्ही वर्षी दिसले, कारण तेव्हा लक्ष्मीपूजन आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आले होते. भाऊबीज ज्या चंद्रकोरीच्या तिथीला होते, त्याच कोरीवर चंद्ररातही ठरते, त्यामुळे असे वर्ष आले की भाऊबीज आणि ईद जवळजवळ एकमेकींना खेटून येतात. हिजरी वर्षाचा फेरा पाहता पुढचा असा योग २०३८ च्या सुमारास येईल. त्या आठवड्यात भुसावळ आणि धुळ्याच्या एसटी आगारांना माहेरवाशिणी आणि ईदला घरी परतणारे कारागीर यांच्यासाठी एकाच वेळी जादा गाड्या सोडाव्या लागतील, आणि शिंप्यांना दोन्ही गिऱ्हाइकांना एकच वायदा द्यावा लागेल.