घरचे आरोग्य : पाठीला आलेले पोक

साठी उलटली की पाठीला थोडे पोक यावयाचेच, अशी आपल्याकडे घरोघरी समजूत आहे. त्यामुळे घरातील वडील माणसे वाकत चालली तरी त्याची विशेष दखल घेतली जात नाही. कोणी घेतलीच तर "रोज वाकून पायांचे अंगठे धरीत जा," असा सल्ला देऊन मोकळे होतो. यांतील दुर्लक्ष अनुचित आहे, आणि हा सल्ला तर प्रसंगी घातक ठरतो.

छातीच्या मागील पृष्ठवंशात बारा मणके असतात व त्यांना मुळातच थोडा बाक असतो. तारुण्यात तो साधारणपणे २० ते ४० अंशांचा असून चाळिशीनंतर हळूहळू वाढू लागतो. मणक्यांमधील चकत्या झिजतात, पाठ ताठ धरणारे स्नायू दुबळे होतात आणि छातीचे स्नायू आखडून खांदे पुढे ओढले जातात. याहून गंभीर कारण म्हणजे ठिसूळ झालेला मणका पुढील बाजूने दबून पाचरीसारखा होणे. असा अस्थिभंग बादली उचलताना किंवा नुसते वाकतानाही होऊ शकतो. घरची माणसे मात्र "पाठीत लचक भरली" म्हणून तो सोडून देतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना हा धोका अधिक असतो.

पुढे वाकताना मणक्याच्या पुढील कडेवरच भार पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वरील सल्ल्यातील दोष उमगेल. हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. सिनाकी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे अस्थिभंग आढळले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होते. हे गट लहान होते, तरी इशारा स्पष्ट आहे. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन यांसारखी आसने वर्ज्य करावीत.

योग्य व्यायामाने साठीनंतरही बाक कमी होतो. सॅन फ्रान्सिस्को येथे साठ वर्षांवरील ९९ स्त्रीपुरुषांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून तीनदा याप्रमाणे सहा महिने पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम घेतल्यावर बाक सुमारे ३ अंशांनी उतरला. लाभ माफक खरा. परंतु जो बाक एरवी वाढतच जावयाचा, तो मागे फिरला, हे थोडे नव्हे.

प्रारंभी एक दक्षता घ्यावी. तरुणपणाच्या मानाने उंची ४ सेंटिमीटर किंवा अधिक घटली असेल, अथवा पाठीत अकस्मात तीव्र कळ आली असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. इतरांनी पुढील व्यायाम सावकाश, श्वास न कोंडता करावेत.

१. पाठीच्या खुर्चीवर टेकता ताठ बसावे. कोपरे अंगालगत ठेवून खांद्यांची पाती एकमेकींकडे ओढावीत, पाच अंक मोजावेत व सैल सोडावे. असे दहा वेळा करावे.

२. भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवून उभे राहावे. हनुवटी वर न उचलता किंचित आत घ्यावी व डोके भिंतीकडे न्यावे. पाच अंक मोजावेत. हेही दहा वेळा करावे.

३. सतरंजीवर उताणे निजून गुडघे उभे ठेवावेत. पंचाची गुंडाळी पाठीच्या कण्याखाली उभी ठेवून दोन्ही हात बाजूंस पसरावेत व पाच मिनिटे स्वस्थ पडावे. डोके मागे लोंबकळत असेल तर त्याखाली लहान उशी घ्यावी.

४. ज्यांना पालथे निजता येते त्यांनी पोटाखाली उशी घ्यावी, हात अंगालगत ठेवावेत आणि डोके व छाती चार बोटेच उचलावी. दुखू लागल्यास तेथेच थांबावे.

दिवसाच्या पंधरा मिनिटांत मिळविलेले उरलेल्या वेळात गमावू नये. बादली उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत. केर काढण्यास लांब दांड्याचा झाडू घ्यावा. वाचताना पुस्तक वा मोबाईल मांडीवर न ठेवता डोळ्यांसमोर धरावा.

प्रगती कळावी म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले असता डोके व भिंत यांत किती अंतर उरते, ते घरातील कोणाकडून तरी दर महिन्यास मोजून वहीत लिहून ठेवावे. अंतर घटले तर उत्तमच. सहा महिन्यांत ते वाढले नाही तरी श्रम वाया गेले असे समजू नये. मात्र ते वाढत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.