कुड्याची साल आणि सिक रिपोर्ट

फौजेत पोस्टिंग कुठेही असो, पावसाळा लागला की पोटं बिघडतातच. झारखंडच्या जंगलात त्यावरचा इलाज कुणाला शोधावा लागत नाही. गावकरी सांगतात, कोरैयाची साल उकळून घ्या. हा कोरैया म्हणजे आपला पांढरा कुडा. कोकणात ज्याच्या शेंगांची भाजी करतात, तोच. कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाहिलेली फुलंही याचीच.

ही साल भोंदूगिरी नाही. आयुर्वेदात तिचं नाव कुटज. जुलाब आणि आमांशावरचं कुटजारिष्ट हिच्यापासूनच होतं. तिच्यातल्या कोनेसीन या द्रव्याचा आमांशाच्या अमीबावर होणारा परिणाम शास्त्रज्ञांनीही तपासला आहे.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. साल जंतूंशी लढेल, पण अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ परत आणणार नाही. तीव्र जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच. शिवाय काळ्या कुड्याची साल यात मिसळली जाते आणि ती सगळ्यांना ओळखता येत नाही.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. युद्धाच्या त्या वर्षातला हा विजय आपण फारसा आठवत नाही.

आमच्याकडे खरी अडचण औषधाची नाही, लाजेची आहे. सिक रिपोर्ट केली तर 'कामचोर' म्हणतील, म्हणून जवान गुपचूप काढा पितो आणि गस्तीला निघतो. मग वाटेत चक्कर येऊन पडला की त्याला उचलायला चार जण लागतात. म्हणजे एकाचा आजार लपवला आणि पाच जण कामातून गेले.

म्हणून सीनियर मंडळींना विनंती, पोट बिघडल्याचं सांगणाऱ्याची थट्टा करू नका. आणि जवानांनो, आधी १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली तर सरळ एमआय रूम गाठा. साल घ्यायचीच तर डॉक्टरांना सांगून घ्या.

जय हिंद!