दमा आहे म्हणून पोरीला बसवून ठेवू नका



गेल्या रविवारी बस्तीत पूजा आटोपल्यावर एका वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत डॉक्टर आहेत ना? आमच्या पोरीला शाळेत खेळाच्या तासाला सूट मिळेल असं एक पत्र घेऊन द्या की. दमा आहे तिला." मी नाही म्हटलं. वहिनी रागावल्या. का नाही म्हटलं, हे त्या एकट्यांनाच नव्हे, आपल्या सगळ्यांनाच सांगायला हवं, म्हणून आज लिहायला बसले.

मी स्वतः अशाच पत्रावर शाळा काढलेली मुलगी आहे. बाकीच्या पोरी खो-खो खेळायच्या आणि मी त्यांच्या चपला राखत पायरीवर बसायची. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण पस्तिशीत कुंभोजच्या बाहुबलीला डोंगर चढताना अर्ध्यातच बसले, तेव्हा वाटलं दमा उठला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दमा आटोक्यात आहे, शरीरालाच कष्टाची सवय नाही. ही सवय दम्यानं घालवलेली नव्हती, त्या पत्रानं घालवली होती.

पळालं की धाप का लागते ते समजून घ्या. एरवी आपण नाकानं श्वास घेतो, तिथं हवा गरम आणि ओलसर होऊन आत जाते. पळताना तोंडानं भराभर श्वास घेतला की थंड, कोरडी हवा थेट आत जाते, श्वासनळ्यांचं अस्तर सुकतं आणि दम्याच्या माणसाच्या आधीच हळव्या झालेल्या नळ्या आवळतात. म्हणून छाती घरघरते, खोकला येतो. हा त्रास बहुतेक वेळा पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. म्हणजे व्यायामानं दमा होत नाही. आटोक्यात नसलेला दमा व्यायामाच्या वेळी उघडा पडतो. दुखणं दिसलं तर औषध करायचं, की दिसू नये म्हणून पोरीला पायरीवर बसवायचं?

बसवल्यानं काय होतं तेही बघा. हालचाल कमी, म्हणून दम कमी. दम कमी, म्हणून जिना चढतानाही धाप. धाप लागली की घरचे म्हणतात, "बघा, दमा वाढला," आणि तिला आणखी बसवतात. वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनानं दमा खरोखरच आवरायला अवघड होतो.

पॉला रॅडक्लिफला शाळेत असल्यापासून दमा. तिनं 2003 साली लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. जॅकी जॉयनर-कर्सी दम्याची, तिनं 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनचं सुवर्ण घेतलं. आपल्या पोरींनी ऑलिंपिकला जावं असं माझं म्हणणं नाही. तालमींच्या आणि फुटबॉलच्या या गावात त्यांनी निदान चपला राखत बसू नये, एवढंच.

आता नेहमीची वाक्यं. पहिलं, "पंपाची सवय लागते." लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये असतं आणि अंगभर फिरतं. रोजचा पंप नळ्यांची सूज कमी ठेवतो, त्रासाच्या वेळचा आवळलेल्या नळ्या मोकळ्या करतो. तो दुसरा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर रोजच्या उपचारात कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांकडे जा.

दुसरं, "प्राणायाम करते की ती." जरूर करू दे. पण त्यासाठी पंप बंद करू नका. सुजलेली नळी नुसत्या इच्छेनं उघडत नाही.

तिसरं वाक्य कुणी मोठ्यानं बोलत नाही: "पंप दिसला तर स्थळं येणार नाहीत." ज्या घराला पोरीच्या श्वासापेक्षा पंप मोठा वाटतो, ते स्थळ गेलेलंच बरं.

चौथं आपल्या धर्माचं. रोजच्या पंपानंतर गुळणी करावी लागते, नाहीतर तोंड येतं. मग रात्री पाणी न घेणाऱ्यांनी काय करायचं? संध्याकाळचा डोस सूर्यास्ताआधी, शेवटच्या पाण्याच्या वेळी घ्यायचा. झालं काम. निर्जल उपवास असेल तर दशलक्षणाच्या आधीच डॉक्टरांना आणि महाराजांना, दोघांनाही विचारून ठेवा. औषध गुपचूप बंद करून उपवास करणं हे तप नव्हे.

आपण नऊ वेळा णमोकार म्हणून कायोत्सर्ग करतो तो सत्तावीस श्वासोच्छ्वासांचा. दहा प्राणांत श्वासोच्छ्वास हा एक प्राण आहे. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेची व्याख्या करताना प्रमादानं प्राणांचा घात असंच म्हटलंय. कंदमूळ ताटात येऊ नये म्हणून आपण किती जपतो! आणि देवघरात बंद दाराआड धूप-अगरबत्ती, ऊस तुटल्यावर आपल्याच शेतात पेटवलेलं पाचट, हा धूर लेकराच्या छातीत जातो, तो प्रमाद नाही?

मग करायचं काय? आधी डॉक्टरांकडून दमा आटोक्यात आणा. खेळाआधी पंप घ्यायचा का, किती, कधी, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद खेळाच्या सरांना द्या. सूट मागणाऱ्या पत्राच्या जागी हे पत्र द्यायचं. पंप दप्तरात नको, मैदानावर हाताशी हवा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग तापवायचं आणि शेवटी एकदम थांबायचं नाही. थंडीत रंकाळ्यावर धुक्यात जाऊ नका, ऊन येऊ द्या, नाकातोंडावर ओढणी घ्या. लांब पळण्यापेक्षा मधेमधे थांबा मिळणारे खेळ आणि चालणं सोपं जातं. पोहताना हवा ओलसर असते, म्हणून पोहणंही अनेकांना मानवतं.

आणि हेही सांगते: सर्दी-खोकला असेल, छाती घरघरत असेल, त्या दिवशी खेळ नाही. पंप घेऊनही आराम पडत नसेल, पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर काढा करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दम्यानं जीवही जातो. म्हणूनच तो लपवायचा नाही.

वहिनी, राग मानू नका. पोरीला घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला, पण सूट मागायला नाही. आणि पावसाळा सरला की तिला घेऊन आपण तिघी बाहुबलीचा डोंगर चढू. मी आता न बसता वर जाते.