पाचवे शील आणि परिचारिकेची सेवा

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. परंतु ज्याच्याकडून ते मोडले, त्याच्याशी समाजाने कसे वागावे याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आपण त्याचा धिक्कार करतो आणि तो विहाराच्या पायरीपासूनही दूर जातो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित भिक्खू स्वतःच्या मळमूत्रात पडला होता; सहकारी भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्नान घातले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला बजावले. व्यसन हाही आजारच आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या अर्थसाहाय्याने पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने हे महाराष्ट्राला कृतीतून पटवून दिले. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले.

या कामात परिचारिकेचे स्थान मोलाचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने भावनेच्या भरात दारू एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. प्रसंगी प्राणही जातो. अशा वेळी नाडी व रक्तदाब पाहणारी, औषधाची वेळ न चुकवणारी, रात्रभर जागणारी व्यक्ती परिचारिकाच असते. म्हणून शपथ विहारात जरूर घ्यावी. परंतु तत्पूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

जो आज व्यसन सोडूच शकत नाही, त्याचे काय? नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया पुरवणे, ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देखरेखीखाली देणे, हे मार्ग राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने स्वीकारले आहेत. काहींना ही शीलाशी तडजोड वाटेल. माझ्या मते ही करुणा आहे. जिवंत राहिलेला मनुष्यच उद्या शील पाळू शकतो.

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नर्सिंगकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींनी व्यसनोपचाराचे क्षेत्र आवर्जून निवडावे आणि पालकांनी ‘दारुड्यांची सेवा’ म्हणून नाक मुरडू नये. दारूने उद्ध्वस्त होणारी घरे आपल्याच वस्तीत आहेत, आणि त्या घरांतील लेकरे आपल्याच वसतिगृहात शिकतात. त्यांचा बाप वाचवणारे हात आपल्या शाळेने घडवले, तर पाचव्या शीलाचा याहून मोठा गौरव कोणता?

जयभीम! नमो बुद्धाय!