वाहनतळाचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत

ज्या दाव्यातील मागणी वकिलाच्या एका दिवसाच्या मेहनतान्याहूनही कमी भरते, त्या दाव्याकडे बारमधील आमचे बहुतेक सन्मित्र किंचित उपहासाने पाहतात, आणि पक्षकार फारच गळी पडला तर वकालतनामा दाखल करून, दोन-चार तारखा तहकुबीवर काढून, अखेरीस ‘देऊन टाका आणि मोकळे व्हा’ असा सल्ला देतात. ही वृत्ती व्यवहाराला धरून असली तरी कायद्याच्या दृष्टीने धोक्याची आहे. कारण रक्कम जितकी लहान तितकी वर दाद मागण्याची वाट अरुंद, अशीच आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेची रचना आहे. लघुवाद न्यायालयाच्या कक्षेत येणाऱ्या स्वरूपाच्या दाव्याचे मूल्य १०,००० रुपयांहून अधिक नसेल तर कलम ९६(४) अन्वये केवळ कायद्याच्या प्रश्नावरच अपील चालते, आणि पैशाच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांहून अधिक नसेल तर कलम १०२ ने दुसऱ्या अपिलाला मज्जावच केला आहे. सारांश, वस्तुस्थितीचा जो निर्णय तालुक्याच्या कोर्टात होईल, तोच बहुधा अखेरचा.

खासगी वाहनतळाच्या शुल्काचे दावे इंग्लंडच्या काउंटी कोर्टांत नित्याचे झाले आहेत. आपल्याकडे ते अद्याप विरळ आढळतात, आणि त्याचे कारण आपली जनता अधिक प्रामाणिक हे नसून, आपल्याकडील वसूलदारास कोर्टाच्या पायरीपेक्षा साखळी आणि कुलूप अधिक जवळचे वाटते, हे आहे. तथापि मॉल, रुग्णालये, मंगल कार्यालये आणि तीर्थक्षेत्रे येथील वाहनतळ जसजसे ठेकेदारांच्या हाती जातील आणि कॅमेरे बसतील, तसतशा नोटिसा येऊ लागतील, आणि नोटिशीमागून समन्सही येईल.

आमच्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाचेच उदाहरण घ्यावे. आसपासच्या खेड्यांतून मोटारसायकलीवर यावे, ती कोठेतरी लावावी आणि एस. टी.ने जिंतूर, सेलू किंवा जालना गाठावे, हा कोणत्याही फाट्यावरचा नित्यक्रम. समजा, एखाद्याने रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेस दोरी बांधून ‘दर दिवसा १० रुपये, पावती हरवल्यास ५०० रुपये दंड’ असा फलक लावला, आणि पावती हरवलेल्या गृहस्थाने १० रुपये टेकवून गाडी नेली म्हणून ५०० रुपयांचा दावा ठोकला. प्रतिवादीच्या वकिलाने प्रथम विचारावयाचे ते हे की, जागा कोणाची? सातबारा वादीच्या नावे असला तरी दोरी बांधलेली जागा त्याच गटात पडते की रस्त्याच्या हद्दीत, हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशावाचून कळणार नाही. आणि महामार्गाच्या हद्दीत खासगी इसमास शुल्क आकारण्याचा हक्क कोठून येणार? वादी ग्रामपंचायतीचा ठेकेदार म्हणून पुढे येत असेल तर ठराव, करारनामा आणि ठेक्याची मुदत यांची मागणी करावी. (१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात बैलगाड्यांच्या आणि टांग्यांच्या तळांवरील फीचा उल्लेख आहे, मोटारसायकल त्यात बसते की नाही, यावर एखाद्या तरुण वकिलाने युक्तिवाद करून पाहावा.)

जागेचा हक्क शाबीत झाल्यावर प्रश्न येतो कराराचा. १९७१ च्या थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या निवाड्यात, यंत्राने तिकीट दिल्यावर आत गेलेल्या माणसाला आतल्या खांबावरच्या अटी बांधून घेऊ शकत नाहीत, असे ठरले. आपल्या न्यायालयांवर तो निर्णय बंधनकारक नसला तरी त्यातील विवेक आपल्या करार कायद्याशी विसंगत नाही: अट करारापूर्वी, आणि वाचता येईल अशा रीतीने, दाखविली गेली पाहिजे. रात्री दिवा नसलेल्या फलकावरील बारीक अक्षरांचे छायाचित्र त्याच वेळी, त्याच जागेवरून घेऊन ठेवणे हे युक्तिवादाच्या दहा पानांहून उपयोगी.

परंतु खरा कस लागतो तो रकमेच्या प्रश्नावर. वादीचे वकील हल्ली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०१५ रोजीचा पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस हा निवाडा पुढे करू शकतात. चेम्सफर्डच्या बाजारतळावर दोन तास विनाशुल्क गाडी ठेवण्याची मुभा असता बीव्हिस यांची गाडी जवळजवळ तासभर अधिक राहिली, आणि ८५ पौंडांची आकारणी, जागा फिरती राहावी या वादीच्या न्याय्य हितसंबंधास धरून असल्यामुळे, ‘दंड’ म्हणून रद्द होत नाही असे न्यायालयाने ठरविले. हा निवाडा जसाच्या तसा येथे लागू करणे म्हणजे आपल्या कायद्यातील एक संपूर्ण कलम विसरणे होय. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ने इंग्रजी पद्धतीचा ‘दंड’ आणि ‘पूर्वनिश्चित नुकसानभरपाई’ हा भेद मोडीत काढला. करारात काहीही रक्कम लिहिली असली तरी ती केवळ कमाल मर्यादा, आणि तिच्या आत न्यायालयाने वाजवी भरपाईच द्यावयाची, हे १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या निर्णयापासून प्रस्थापित आहे. पुढे २०१५ च्या कैलास नाथ असोसिएट्सच्या निर्णयात, नुकसान झालेच नसेल तर कलम ७४ ची भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असेल तेथे ते सिद्धच केले पाहिजे, असे स्पष्ट झाले. आमच्या उदाहरणातील वादीचे १० रुपये तर पोचलेलेच आहेत. मग पावती हरविल्याने ५०० रुपयांचे नुकसान कोणते? चतुर वादी त्या रकमेस ‘दंड’ न म्हणता ‘विनापावती दर’ म्हणेल. न्यायाधीशांसमोर शब्दाऐवजी व्यवहाराचे स्वरूप उघडे करणे हे प्रतिवादीच्या वकिलाचे काम.

यानंतर पुरावा. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने, विहित अटी पाळल्यास, गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून शुल्क वसूल करण्याची सोय केली. तशी तरतूद आपल्याकडे नाही, आणि आर. सी. बुकावर नाव असणे म्हणजे करारात पक्ष असणे नव्हे. कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावर वादी विसंबला असेल, तर आमच्या शेजारच्या जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीतून निघालेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल हा १४ जुलै २०२० चा निवाडा प्रत्येकाच्या टेबलावर हवा: मूळ यंत्रच हजर केले नसेल तर दुय्यम नकलेसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून तीच अट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली आहे.

गाडीच अडकवून ठेवली असेल, तर ‘पैसे मिळेपर्यंत ताबा’ हा बचाव तपासून पाहावा. करार कायद्याचे कलम १७० धारणाधिकार देते ते ज्याने वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्चिले त्यास. नुसती राखण करणाऱ्यास नव्हे. अशा वेळी आदेश ८, नियम ६-अ खाली प्रतिदावा करावा.

आता कैफियतीविषयी. ‘परिच्छेद १ ते ९ मधील मजकूर खोटा व नाकबूल’ हे आपल्या कोर्टांतील सनातन वाक्य आदेश ८, नियम ३ ते ५ यांच्या कसोटीस उतरत नाही. मोघम इन्कार ही कबुलीच ठरू शकते. शिवाय कैफियतीस प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. गाडी पक्षकारानेच लावली असेल तर ‘मी चालक नव्हतो’ असे त्याच्याकडून लिहवून घेणे हा बचाव नसून खोटी शपथ आहे. मूळ दर खरोखरच देणे राहिला असेल, तर आदेश २४ प्रमाणे तेवढी रक्कम कोर्टात भरून उरलेल्या मागणीवर लढावे. खर्चाच्या हुकमाच्या वेळी ही सरळ वर्तणूक उपयोगी पडते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, ९० दिवसांपर्यंत वाढते, आणि त्यानंतर कोर्टाच्या कृपेवर विसंबण्यात शहाणपण नाही.

वाचक वकीलमित्रांपैकी ज्यांनी परभणी, जालना अथवा हिंगोली जिल्ह्यांत असा दावा चालविला असेल, त्यांनी पक्षकारांची नावे वगळून निकालपत्राची नक्कल आमच्याकडे अवश्य पाठवावी. येत्या अंकांत तिचा ऊहापोह करू.