पाटी बदलली, पायऱ्या तशाच

परवा बाह्यरुग्ण विभागात साठीतले एक गृहस्थ आले. लहानपणी पोलिओ झालेला, हातात काठी. 'दिव्यांग प्रमाणपत्र' अशा पाटीखाली अर्धा तास बसून ते 'अपंगाचं सर्टिफिकेट कुठं मिळतं' असं विचारत होते. धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर. अनेकांच्या घरी तेलुगू, बाजारात मराठी. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, पाय वाळला, यात दिव्य काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. हेतू चांगला होता. पण अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली : आम्हाला दैवी शक्ती नको, रॅम्प, बस आणि नोकरी हवी. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, हा खरा बदल. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. मात्र चाळीस टक्क्यांचा दाखला घ्यायला येणाऱ्याला आजही अनेक ठिकाणी पायऱ्याच चढाव्या लागतात.

शब्द बदलण्याच्या मी विरोधात नाही. 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आले, ते योग्यच झाले. लुळा, पांगळा, आंधळा ही हाक मारण्याची रीत गेलीच पाहिजे. पण शब्द मऊ करताना अर्थ पुसला गेला, तर रुग्णाचे नुकसान होते.

कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. पूर्वी महारोग म्हणत, मग कुष्ठरोग म्हणू लागलो. आता तोही शब्द जड वाटतो म्हणून घरचे लोक, कधी आम्ही डॉक्टरही, 'चामडीचा आजार' म्हणून मोकळे होतो. रुग्णाला वाटते, गजकर्णासारखेच काही असेल. चट्टा फिका पडला की तो गोळ्या सोडतो. या आजाराचा बहुविध औषधोपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने पूर्ण घ्यावा लागतो. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. उपचार अर्धवट सोडले, तर नसा निकामी होऊन हातापायांत कायमचे व्यंग येऊ शकते. म्हणजे एका कटू शब्दापासून वाचवलेला माणूस पुढे प्रमाणपत्राच्याच रांगेत उभा राहतो.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव आजही 'महारोगी सेवा समिती' आहे. नाव जुनेच राहिले. आनंदवनातल्या कामाने त्याला मान मिळवून दिला.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे : अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याचे नाव घ्यायला लाजू नका, तपासून घ्या. डॉक्टरांना आजाराचे नाव स्पष्ट विचारा. आणि समोरच्या व्यक्तीला कोणता शब्द वापरायचा असा प्रश्न पडला, तर सरळ तिचे नाव घेऊन हाक मारा.